घरगुती बिअरनिर्मिती

घरगुती बिअरनिर्मिती म्हणजे विक्रीचा हेतू न ठेवता, स्वतःच्या व स्नेह्यांच्या वापरापुरती, स्वयंपाकघरातील किंवा तत्सम साध्या साधनांनी अल्प प्रमाणात बिअर तयार करणे होय. एका वेळी साधारणतः ५ ते २५ लिटर बिअर केली जाते. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपातील बहुतेक देशांत हा कायदेशीर व लोकप्रिय छंद आहे. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय असे करणे हा गुन्हा आहे. (पहा: कायदेशीर स्थिती)

मराठी वाचकाच्या मनात ‘घरी केलेली दारू’ म्हटले की हातभट्टी उभी राहते, म्हणून आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. हातभट्टीची दारू ही ऊर्ध्वपातनाने, म्हणजे आंबवलेला द्रव तापवून त्याची वाफ थंड करून मिळवली जाते. बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नसते. ती केवळ आंबवलेली असते आणि तिच्यातील अल्कोहोलचे प्रमाण बहुधा ४ ते ६ टक्के असते. घरगुती बिअरला ज्या देशांनी मोकळीक दिली आहे, त्यांतील बहुतेकांनी घरगुती ऊर्ध्वपातनाला ती दिलेली नाही.

संज्ञा

आंबवण्याच्या क्रियेला शास्त्रीय मराठीत ‘किण्वन’ म्हणतात. ‘किण्व’ हा जुना संस्कृत शब्द असून मद्य आंबवण्यासाठी वापरावयाचे विरजण असा त्याचा अर्थ होतो. आजच्या परिभाषेत तोच शब्द यीस्ट या सूक्ष्मजीवासाठी योजला जातो. जव (सातू) भिजवून, मोड आणून वाळवला म्हणजे ‘माल्ट’ तयार होतो. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून नाचणीचे सत्त्व करतात, त्यामागील तत्त्वही हेच आहे. मोड येताना धान्यात विकरे, म्हणजे एन्झाइमे, निर्माण होतात व ती पिष्टाचे साखरेत रूपांतर करू शकतात. माल्टपासून काढलेल्या, अद्याप न आंबलेल्या गोड पाण्याला ‘वर्ट’ म्हणतात. बिअर करणारा माणूस खरे तर वर्ट करतो. बिअर करते ती यीस्ट.

इतिहास

बिअर मुळात घरीच होत असे. कारखाना ही त्या मानाने अलीकडची गोष्ट आहे. मेसोपोटेमियात निंकासी ही बिअरची देवता मानली जाई आणि इसवी सनापूर्वी सुमारे १८०० मधील तिचे एक सुमेरियन स्तोत्र उपलब्ध आहे. मध्ययुगीन युरोपात भाकरी भाजणे व बिअर करणे ही दोन्ही घरातील स्त्रियांची कामे होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७५७ मधील वहीत सौम्य बिअरची कृती लिहिलेली सापडते. थॉमस जेफरसन यांच्या माँटिसेलो येथील बिअरची ख्याती झाली, पण ती प्रत्यक्षात करणारा पीटर हेमिंग्ज हा त्यांचा गुलाम होता, हे सहसा सांगितले जात नाही.

भारतातही घरगुती मद्याचा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे फार पूर्वी आला होता. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्यनिर्मितीवर राज्याचे कडक नियंत्रण सांगितले आहे. तरीही कुटुंबवत्सल गृहस्थांना विशेष कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा तेथे आहे. उत्सव व यात्रांच्या वेळी चार दिवसांची सवलतही सांगितली आहे. कर हवा, पण घरच्या चुलीवर पहारा ठेवता येत नाही, या पेचातून निघालेली ही तडजोड पुढे दोन हजार वर्षांनी युरोप-अमेरिकेतही करावी लागली.

ब्रिटनमध्ये १८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर रद्द करून बिअरवर कर बसवला आणि घरी बिअर करणाऱ्यांनाही परवाना आवश्यक केला. ही अट अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये काढून टाकली. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यावर घरगुती वाइनला मुभा मिळाली, परंतु बिअरला मिळाली नाही. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही उणीव दूर झाली. १ फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७८ लिटर) आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या घरास २०० गॅलन बिअर करविरहित करता येऊ लागली. अंतिम निर्णय राज्यांचा असल्याने मिसिसिपी व अलाबामा या राज्यांत मात्र २०१३ उजाडावे लागले.

कार्टर यांच्या कायद्याचा परिणाम छंदापुरता राहिला नाही. चार्ली पपाझियन यांनी १९७८ मध्येच कोलोराडोतील बोल्डर येथे घरगुती बिअर करणाऱ्यांची संघटना स्थापण्यात पुढाकार घेतला. १९८४ मधील त्यांच्या पुस्तकाने नवख्यांची भीती घालवली. कॅलिफोर्नियातील सिएरा नेव्हाडाचे केन ग्रॉसमन हे आधी घरी बिअर करत. अमेरिकेतील लघुउद्योगी बिअरची चळवळ बव्हंशी अशाच हौशी लोकांनी उभी केली. २०११ मध्ये बराक ओबामा यांच्या कार्यकाळात व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघरात, तेथील बागेतल्या मधमाश्यांचा मध घालून बिअर तयार करण्यात आली व २०१२ मध्ये तिची कृती जनतेसाठी प्रसिद्ध करण्यात आली.

घटक

पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट हे चार घटक पुरेसे असतात. बव्हेरियातील १५१६ च्या प्रसिद्ध शुद्धता-आदेशात पाणी, जव व हॉप्स ही तीनच नावे होती. यीस्टचे स्वरूप तेव्हा कोणालाच उमगले नव्हते.

पाणी पिण्यायोग्य असले म्हणजे बहुधा चालते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मात्र घालवावे लागते, अन्यथा बिअरला दवाखान्यातल्या औषधासारखा वास येतो. नवख्यांसाठी माल्टचा तयार अर्क सोयीचा पडतो. तो काकवीसारखा दाट द्रव किंवा कोरडी भुकटी अशा दोन रूपांत मिळतो. हॉप्स ही भांगेच्या कुळातील वेल असून तिची शंकूसारखी मादी फुले बिअरला कडवटपणा व सुगंध देतात आणि काही जिवाणूंना आळाही घालतात. भारतात तिची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात होते.

यीस्टचे दोन मुख्य प्रकार आहेत. एल जातीची यीस्ट साधारण १८ ते २२ अंश सेल्सियसला काम करते, तर लागर जातीची ८ ते १३ अंशांना. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाटलीबंद बिअर लागर प्रकारच्या असतात. त्यामुळे आपल्या ओळखीची चव घरी आणावी असे नवख्याला वाटणे स्वाभाविक आहे. पण लागरला अनेक आठवडे थंडावा लागतो. पहिला प्रयत्न एलचाच करावा असे जाणकार सांगतात. पाव करण्याची यीस्टही साखर आंबवते, पण तिची चव व गाळ खाली बसण्याचा गुण बिअरला अनुकूल नसतो.

यीस्टचे शास्त्र समजण्यास एकोणिसावे शतक उजाडले. फ्रान्स-प्रशिया युद्धातील पराभवानंतर फ्रेंच बिअर सुधारावी या ईर्षेने लुई पाश्चर या विषयाकडे वळले व १८७६ मध्ये त्यांनी बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बिअर नासते ती परक्या सूक्ष्मजीवांमुळे, हे त्यांनी दाखवले. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेली शुद्ध यीस्ट तयार केली. त्याआधी सर्वत्र मागील घाण्याचा गाळ पुढच्यासाठी राखून ठेवत, जसे आपण आजचे विरजण उद्यासाठी ठेवतो. नॉर्वेच्या ग्रामीण भागात ‘क्वाइक’ नावाची अशी घराण्यात चालत आलेली यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून जपली जाई. ती ३० ते ४० अंशांतही चांगली आंबवते, म्हणून उष्ण प्रदेशांतील हौशी मंडळींत अलीकडे तिला मोठी मागणी आहे.

साधने

सुमारे १५ लिटरचे पोलादी पातेले, २५ लिटरचे झाकणबंद प्लॅस्टिकचे खाद्योपयोगी भांडे, एअरलॉक, तापमापी, सायफनची नळी, हायड्रोमीटर, बाटल्या, बुचे व बूच बसवण्याचे यंत्र एवढ्यावर काम भागते. एअरलॉक ही पाणी भरलेली लहानशी वाकडी नळी असते. तिच्यातून आतला वायू बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत शिरत नाही. हायड्रोमीटर हे दुधातील पाणी ओळखणाऱ्या लॅक्टोमीटरचे भावंड होय. तो द्रवाची सापेक्ष घनता दाखवतो व त्यावरून साखर किती उरली हे कळते. नवखे लोक बहुधा हेच साधन घेण्याचे टाळतात आणि पुढे त्याचीच सर्वाधिक उणीव त्यांना भासते.

स्वच्छता

घरगुती बिअर बिघडण्याचे कारण कृतीत क्वचित सापडते; ते बहुधा अस्वच्छ नळीत, भेगाळलेल्या झाकणात किंवा घाईत धुतलेल्या बाटलीत असते. लोणच्याच्या बरणीत ओला हात घालू नये हे ज्या घरांत मुलांना शिकवले जाते, तेथे हा मुद्दा फोडून सांगावा लागत नाही. मात्र लोणच्याला मीठ, तेल व आंबटपणा यांचे संरक्षण असते. कोमट, गोड वर्टला यीस्टने ताबा घेईपर्यंत कसलेच संरक्षण नसते.

धुणे आणि निर्जंतुक करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आधी दिसणारा मळ पूर्णपणे काढावा लागतो, कारण मळाखाली जंतुनाशक पोहोचत नाही. त्यानंतर खाद्यपदार्थांच्या भांड्यांसाठीचे आयोडीनयुक्त किंवा आम्लयुक्त जंतुनाशक सांगितलेल्या प्रमाणात वापरतात. ब्लीच वापरल्यास ते पुष्कळ पाण्याने धुऊन काढावे लागते. त्यात व्हिनेगर वा अन्य आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. उकळीपूर्वीच्या भांड्यांना निर्जंतुक करण्याची गरज नसते. उकळ संपल्यानंतर वर्टला जे जे लागेल, ते सर्व निर्जंतुक हवे.

कृती

पुढील वर्णन माल्ट-अर्कापासून २० लिटर साधी फिकट एल करण्याचे आहे. १० ते १२ लिटर पाणी गरम करून आच बंद करतात आणि त्यात सुमारे अडीच किलो कोरडा अर्क ढवळत मिसळतात. आच चालू ठेवून अर्क घातल्यास तो तळाला लागतो. मग उकळी आणतात. पहिल्या उकळीला फेस दुधासारखा वर चढतो व क्षणात उतू जातो, म्हणून या वेळी पातेल्यापासून दूर जाता येत नाही.

उकळ एक तास चालते. हॉप्स सर्व मिळून ५० ते ६० ग्रॅम लागतात, पण ते एकदम घालत नाहीत. आरंभी घातलेल्या हॉप्समधील आम्लांचे दीर्घ उकळीने रूपांतर होऊन कडवटपणा उतरतो, मात्र त्यांचा सुगंध उडून जातो. शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घातलेले हॉप्स सुगंध देतात. फोडणीतला मसाला व वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांच्या कामांत जो फरक असतो, तसाच हा आहे.

नंतर पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून वर्ट शक्य तितक्या लवकर थंड करतात, ते आंबवण्याच्या भांड्यात ओततात आणि आधी उकळून थंड केलेले पाणी घालून २० लिटर करतात. या टप्प्यावर द्रव जोराने हलवून त्यात हवा मिसळणे इष्ट असते, कारण वाढीसाठी यीस्टला आरंभी प्राणवायू लागतो. पुढे मात्र हवा हीच शत्रू ठरते. हायड्रोमीटरने घनता नोंदवून, वर्ट सुमारे २० अंशांवर आल्यावर साधारण ११ ग्रॅम कोरडी यीस्ट घालतात आणि झाकण लावतात. गरम वर्टमध्ये घातलेली यीस्ट मरते.

एका दिवसात वर जाड फेस धरतो व एअरलॉकमधून बुडबुडे निघू लागतात. ते थांबले म्हणजे किण्वन संपले असे नव्हे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदी सारख्या आल्या तरच किण्वन संपले असे समजतात. यास बहुधा दोन आठवडे लागतात. आरंभीची घनता १.०४६ व अखेरची १.०११ असेल, तर दोहोंतील फरकाला १३१ ने गुणून अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ४.६ टक्के येते.

बाटलीत बुडबुडे यावेत म्हणून भरण्यापूर्वी २० लिटरमागे सुमारे १२० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, थंड करून मिसळतात. उरलेली यीस्ट ती खाते आणि बंद बाटलीत कार्बन डायऑक्साइड द्रवात विरघळतो. बाटल्या खोलीच्या तापमानाला दोन आठवडे ठेवून मग गार करतात. तळाशी यीस्टचा पातळ थर राहतो. तो हानिकारक नसतो, परंतु ओतताना बाटलीतच राहू देतात.

अनुभव आल्यावर अनेक जण अर्क सोडून सबंध माल्टकडे वळतात. भरडलेला माल्ट ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की विकरे पिष्टाची साखर करतात. तापमान ७५ अंशांच्या पुढे गेल्यास विकरे निकामी होतात. ऑस्ट्रेलियातील हौशी मंडळींनी रूढ केलेल्या पद्धतीत माल्ट मोठ्या कापडी पिशवीत घालून पातेल्यातच भिजवतात आणि नंतर पिशवी उचलून, श्रीखंडाच्या चक्क्याप्रमाणे टांगून निथळतात.

तापमान आणि दोष

स्वच्छतेखालोखाल महत्त्व तापमानाला आहे. सामान्य एल यीस्ट २८-३० अंशांत जोमाने काम करते, पण त्यात जड अल्कोहोले तयार होऊन बिअरला उग्र, स्पिरिटसारखी चव येते. किण्वनाची स्वतःची उष्णता असल्याने भांड्यातील तापमान खोलीपेक्षा काही अंश जास्त असते, हेही विसरू नये. शीतकपाट नसल्यास भांडे पाण्याच्या घमेल्यात ठेवून भोवती ओले कापड गुंडाळतात व बर्फाच्या बाटल्या बदलत राहतात. माठाचे पाणी गार होते त्याच न्यायाने हे चालते.

काही दोष वासावरून ओळखता येतात. हिरव्या सफरचंदाचा वास बहुधा बिअर अपुरी आंबल्याचे लक्षण असून थोडे दिवस थांबल्याने तो जातो. लोण्यासारखा वास डायअ‍ॅसेटिलचा असतो आणि तोही यीस्टला अवधी दिल्यास बहुतेकदा कमी होतो. उन्हात ठेवलेल्या बिअरला हॉप्सवरील प्रकाशाच्या परिणामामुळे दुर्गंधी येते; तपकिरी बाटल्या वापरण्याचे कारण हेच. शिरक्याचा आंबटपणा मात्र दुरुस्त होत नाही आणि तो घाणा ओतून द्यावा लागतो.

धोके

घरगुती दारूने माणसे दगावतात ही भीती निराधार नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. अशा दुर्घटनांत सामान्यतः औद्योगिक मिथेनॉल दारूत मिसळलेले असते. जवाच्या किण्वनात मिथेनॉल अगदी नगण्य प्रमाणात तयार होते व ऊर्ध्वपातन नसल्याने ते कोठे एकवटतही नाही. त्यामुळे बिअरच्या बाबतीत हा धोका गैरलागू आहे. तथापि अल्कोहोल हा स्वतःच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या, म्हणजे कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांच्या गटात आहे आणि घरी केल्याने त्यात फरक पडत नाही.

घरगुती बिअरचे खरे धोके निराळे आहेत. उकळते, साखरेचे वर्ट अंगावर सांडल्यास खोल भाजते. किण्वन अपुरे असताना भरलेल्या किंवा अंदाजाने जास्त साखर घातलेल्या बाटल्या फुटतात आणि काचेचे तुकडे दूरवर उडतात. हायड्रोमीटर नको म्हणणाऱ्यांना हा धडा हमखास मिळतो. दाब सोसणाऱ्या जाड बाटल्याच वापराव्यात व त्या झाकलेल्या खोक्यात ठेवाव्यात. २० लिटरच्या एका घाण्यातून तीनशे लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून भांडे बंदिस्त कोठडीत ठेवू नये.

कायदेशीर स्थिती

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मादक पेये हा राज्यांचा विषय आहे, आणि अनुच्छेद ४७ मध्ये औषधी उपयोग वगळता मादक पेयांच्या सेवनास बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा असे मार्गदर्शक तत्त्व आहे. महाराष्ट्रात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा कायदा, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने, लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे, ते बाटल्यांत भरणे आणि त्या हेतूने साहित्य वा भांडी बाळगणे हे त्यानुसार गुन्हे आहेत. प्रमाण अल्प आहे किंवा विक्री केलेली नाही, हा बचाव येथे उपयोगी पडत नाही. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी हौशी मंडळींनी सुटीत गावी येताना तेथील सवय येथे चालेल असे गृहीत धरू नये.

देशात घरगुती आंबवलेल्या पेयांची परंपरा मात्र जिवंत आहे. लडाखमध्ये जवाची छांग, तर झारखंड व ओडिशात तांदळाची हंडिया केली जाते. काही राज्यांनी आदिवासी समाजांना स्वतःच्या वापरापुरती पारंपरिक पेये करण्याची सवलत दिलेली आहे. महाराष्ट्रात ज्यांना ही प्रक्रिया प्रत्यक्ष पाहावयाची असेल, त्यांच्यासाठी परवानाधारक लघुमद्यनिर्मितिगृहे हा मार्ग आहे. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेले डूलाली हे राज्यातील अशा आरंभीच्या गृहांपैकी एक असून त्यानंतर पुणे व मुंबईत अशी अनेक गृहे निघाली आहेत.